जांघेतली लाली, टोकावरची आग आणि मेडिकलमधली ट्यूब

प्रश्न: वय 39. चाकणच्या एका कंपनीत लाइनवर उभं राहून काम, जाड कापडाची युनिफॉर्मची पँट. पावसाळा सुरू झाला तसे दोन्ही जांघांत लाल चट्टे आले, खाज सुटली. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत बरं वाटलं. लावायची बंद केली की आठवड्यात परत. असं करत चार महिन्यांत पाच-सहा ट्यूब झाल्या. आता अंडकोषाच्या पिशवीची आग आग होते, पँट घासली तरी सहन होत नाही. महिन्याभरापासून लिंगाचं टोकही लाल झालंय, वरची कातडी मागे घेताना चिरते. स्वच्छता ठेवतो, दोन वेळा साबण लावून घासून धुतो, अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक टाकतो. बायकोलाही जांघेत खाज आहे. बाहेर कुठे संबंध नाहीत, तरी हा गुप्तरोग तर नसेल? आणि तिथले केस ब्लेडने काढून टाकावेत का? – नाव छापू नये

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींच्या जागा वेगळ्या आहेत: जांघेची घडी, अंडकोषाची पिशवी आणि लिंगाचं टोक. या भागातली लाली ओळखायची सुरुवात जागेपासूनच होते. तुमच्या वर्णनावरून आमचा अंदाज असा: जांघेत गजकर्ण, पिशवीवर ट्यूबमधल्या स्टेरॉइडचा आणि साबणाचा त्रास, आणि टोकावर कॅन्डिडा नावाची बुरशी. या शेवटच्या गोष्टीमुळे तुमची रक्तातली साखर तपासणं गरजेचं झालंय. पत्र वाचून पक्कं निदान होत नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं लागेलच. पण दाखवेपर्यंत काय थांबवायचं, काय करायचं आणि तिथे गेल्यावर काय सांगायचं, ते इथे सविस्तर देतो.

आधी ती ट्यूब हातात घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. बहुतेक वेळा ते असे निघतात: क्लोबेटासॉल 0.05 टक्के, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. कधी क्लोबेटासॉलच्या जागी बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन, कधी सोबतीला निओमायसिन आणि क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल. यातली क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन ही नावं स्टेरॉइडची आहेत. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल हीसुद्धा त्याच घरातली. क्लोबेटासॉल तर त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधल्या सर्वात जोरकस गटातलं. टर्बिनाफिन, क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल ही बुरशीवरची औषधं, आणि बाकीची जंतूंवरची, ज्यांचं गजकर्णाशी काही देणंघेणं नाही.

अशी मिसळ ट्यूब लावली की काय होतं? स्टेरॉइड सूज आणि खाज दोन-तीन दिवसांत दाबून टाकतं. लाली उतरते, माणूस खूश होतो. पण सूज ही शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेली लढाई असते. ती दाबली की बुरशीला रान मोकळं मिळतं आणि ती शांतपणे पसरत राहते. ट्यूब बंद केली की दबलेली सूज दुप्पट जोराने वर येते. तुमचं "चार दिवसांत बरं, आठवड्यात परत" हे चक्र म्हणजे नेमकं हेच. पाच-सहा ट्यूब संपवूनही बुरशीला पुरेसं औषध सलग असं कधी मिळालेलंच नाही.

2018 साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर. प्रत्यक्षात काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की काय हातात पडतं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं या मलमांविरुद्ध बोलतेय, आणि त्याला कारण आहे. गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडे गजकर्णाचं रूपच बदललंय. पूर्वी दोन-तीन आठवडे साधं मलम लावून जायचं ते आता महिनोन्‌महिने चिकटून बसतं, घरातल्या चौघांना होतं. त्यामागे बुरशीची एक नवी जात आहे, तिचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. 2020 मध्ये तिला हे नाव मिळालं. तिच्यातल्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालेनासं झालंय. म्हणून "मित्राला या गोळीने बरं वाटलं" हा हिशेब आता कामाचा नाही.

आता एकेक जागा पाहू. एकांतात, चांगल्या उजेडात, हातात आरसा धरून बघा. बहुतेक पुरुष हा भाग अंघोळीत हाताने चाचपतात, डोळ्यांनी कधी बघत नाहीत.

जांघेची घडी

गजकर्णाची खूण म्हणजे कड. चट्टा घडीपासून मांडीच्या आतल्या बाजूला अर्धवर्तुळात उतरतो, त्याची बाहेरची कड उंचावलेली, लाल, खवलेदार असते आणि मधला भाग त्या मानाने निवळलेला, काळपट. पाठीमागे नितंबांवर आणि वर कमरेपर्यंत तो जाऊ शकतो. अंडकोषाची पिशवी मात्र सहसा सुटते. ही सुटलेली पिशवी निदानाला फार मदत करते. पण स्टेरॉइड लावलेल्या माणसात हे सगळे नियम मोडतात: कड पुसट होते, चट्ट्याच्या आत दुसरं वर्तुळ उमटतं, पिशवी आणि लिंगावरही चट्टे येतात. वर्तुळात वर्तुळ दिसलं की जाणकार डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ट्यूबचा.

घडीच्या अगदी आत ओलसर, गडद लाल, पांढुरका चिकटा आणि कडेपलीकडे सुटे सुटे लाल ठिपके किंवा बारीक पुवाच्या पुटकुळ्या असतील तर ती कॅन्डिडा. ती पिशवीलाही धरते. लाली नसून तपकिरी, सपाट, बारीक सुरकुत्यांचा डाग आणि खाज जवळपास नाहीच, तर तो एरिथ्राझ्मा नावाचा जंतूंचा संसर्ग असू शकतो. त्यावर बुरशीच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. तज्ज्ञ एका खास निळसर-जांभळ्या दिव्याखाली बघतात, तेव्हा तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. आणि जाड माणसांच्या घडीत नुसतं घासून, घामाने कातडी सोलवटते, तिथे बुरशी असेलच असं नाही.

सोरायसिसचीही एक जात घडीत येते. गुळगुळीत, चकचकीत, ठसठशीत लाल, खपल्या नाहीतच. ती गजकर्ण समजून वर्षभर औषध खाल्लेले रुग्ण असतात. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी, नखांवरचे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

खात्रीची साधी चाचणी आहे. कडेवरचे खवले खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघतात. दुखत नाही, खर्च फार नाही, निकाल बहुधा त्याच दिवशी. तपासणीला जाताना तिथे मलम, पावडर, तेल काही लावून जाऊ नका.

पिशवी

अंडकोषाची कातडी शरीरातल्या सर्वात पातळ कातड्यांपैकी एक. 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं हे मोजलं गेलं, तेव्हा हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोषाच्या कातडीतून ते सुमारे 42 पट जास्त शोषलं गेलं. हा आकडा लक्षात ठेवला की बाकी सगळं उलगडतं. तुम्ही जांघेत लावलेलं क्लोबेटासॉल चालता-बसता पिशवीला लागत राहिलं, आणि तिथे ते कैक पटींनी आत गेलं. कातडी विरळ झाली, रक्तवाहिन्या सैलावल्या, आता ती कायम लाल दिसते आणि साधं कापड लागलं तरी आग होते. यात खाजेपेक्षा आग जास्त असते आणि खवले जवळपास नसतात. त्याच औषधामुळे जांघेत गुलाबी-पांढरे ओरखड्यासारखे पट्टेही पडतात, ते मात्र कायमचे राहतात.

यावर इलाज म्हणजे स्टेरॉइड थांबवणं. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ट्यूब शोधाल: बंद केल्यावर आधी वाढतं. लाली, आग, कधी थोडी सूज, हे आठवडा ते तीन आठवडे चालू शकतं, काहींना त्याहून जास्त. ट्यूब गेल्यामुळे रोग बळावला असं वाटतं, तसं नसतं. या काळात थंड पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ सुती कपडा दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा ठेवा. मग टिपून कोरडं करा आणि बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावा. जेली पिशवीपुरतीच, ओल्या घडीत नको. बर्फ थेट लावू नका. चार महिन्यांत नक्की किती ट्यूब आणि किती ग्रॅमच्या, हे डॉक्टरांना खरं सांगा. गरज वाटली तर ते जोरकस औषधावरून हलक्यावर आणत बंद करतील, आग सहन होत नसेल तर त्यासाठीही औषध देतील.

दुसरा गुन्हेगार तुमची स्वच्छता. रागावू नका, पण दिवसातून दोनदा साबणाने घासणं आणि वर अँटिसेप्टिक, एवढ्यानेही निरोगी पिशवी लाल होऊ शकते. अंघोळीचा साबण आम्लारी असतो, कातडीवरचा तेलकट थर काढून टाकतो. अँटिसेप्टिक अंदाजाने बादलीत ओततात, आणि ते बुरशीवरचं औषध मुळी नव्हेच. चुना, लसणाचा ठेचा, व्हिनेगर, कापूर घातलेलं तेल, टूथपेस्ट, आणि गजकर्णासाठी मिळणारी सॅलिसिलिक आम्लाची झोंबणारी मलमं, यांनी पिशवीवर अक्षरशः भाजल्यासारखी जखम होते. लसूण तर हमखास फोड आणतो. झोंबतंय म्हणजे औषध काम करतंय ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण तिने फार नुकसान केलंय. सुगंधी पावडर, वाइप्स, संबंध लांबवण्यासाठीचे बधिर करणारे स्प्रे, काहींना कंडोमचं लॅटेक्स, आणि ट्यूबमधलं निओमायसिन, यांचीही ॲलर्जी येते. लाली नेमकी कशानंतर वाढते ते आठवून बघा.

लिंगाचं टोक

सुंता झालेली नसेल तर टोक आणि वरची कातडी यांच्यामधली जागा उबदार, ओलसर असते. कॅन्डिडाला ती आवडते. टोकावर चकचकीत लाल चट्टे किंवा बारीक लाल ठिपके, कधी दह्याच्या सायीसारखा पांढरा थर, लघवी लागली की चरचर, आणि कातडीच्या कडेला उभ्या बारीक चिरा. चिरा भरताना कातडी आखडते आणि मागे घ्यायला त्रास होतो. प्रौढ वयात कातडी नव्याने घट्ट होऊ लागली असेल आणि चिरत असेल तर शुगर तपासायलाच हवी, कारण लघवीतून साखर जात असली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. मधुमेह आहे हे पहिल्यांदा कळतं ते अशा तक्रारीतून, असे कितीतरी पुरुष असतात. उपाशीपोटी रक्तातली साखर 126 किंवा जास्त, किंवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्के किंवा जास्त आलं तर ते मधुमेहाच्या हद्दीत येतं. फिजिशियनकडे जा, ते दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात.

ज्यांना मधुमेह आधीपासून आहे आणि ज्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन आहे, त्यांनी हे वाचावं: या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकूनच काम करतात, त्यामुळे टोकाला बुरशी धरण्याचं प्रमाण वाढतं. गोळी परस्पर बंद करू नका, हृदय आणि किडनीला तिचा फायदा असतो. लघवीनंतर साध्या पाण्याने टोक धुवून टिपून घ्या आणि लाली आली की डॉक्टरांना लगेच कळवा.

टोकाच्या बुरशीवर क्लोट्रिमाझोल 1 टक्का, नुसतं, कसलीही भेसळ नसलेलं, दिवसातून दोन वेळा, 7 ते 14 दिवस लावतात. कातडी हळूच जमेल तेवढी मागे घ्यायची, ओढाताण नाही, साध्या कोमट पाण्याने धुवायचं, मऊ कपड्याने टिपायचं, पातळ थर लावायचा आणि कातडी आठवणीने पुढे आणायची. ही शेवटची पायरी विसरू नका. कातडी मागेच राहिली तर टोक सुजतं आणि मग ती पुढे येत नाही. तसं झालं तर सकाळची वाट न बघता इस्पितळात जा. साबण टोकावर अजिबात नको. मलमातल्या तेलामुळे लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, तेव्हा उपचार चालू असेपर्यंत संबंध टाळणं बरं, चिरांनाही भरायला वेळ मिळतो. फ्लुकोनाझोलची गोळी मेडिकलमधून आपणहून घेऊ नका. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

टोकावरची प्रत्येक लाली बुरशीची नसते. एक प्रकार आपल्याकडे बऱ्यापैकी दिसतो आणि हमखास चुकतो. जुलाबाची, तापाची किंवा अंगदुखीची गोळी घेतली आणि काही तासांत टोकावर एक गोल, जांभळट-लाल, आग होणारा डाग, कधी फोड. आठवड्याभरात भरतो, काळा डाग मागे राहतो. सहा महिन्यांनी तीच गोळी, आणि डाग अगदी त्याच जागी. ही औषधाची ॲलर्जी. ऑर्निडाझोल-ओफ्लॉक्सासिनची जोडगोळी, को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, वेदनाशामकं ही यातली नेहमीची नावं. इलाज म्हणजे ते औषध ओळखून आयुष्यभर टाळणं, आणि त्याचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवणं. घरोघरी यावरून संशयाचं वादळ उठतं, विनाकारण.

पिशवीवर आणि लिंगावर हरभऱ्याएवढ्या कडक, भयंकर खाजणाऱ्या गाठी, रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरात आणखी कुणी खाजवतंय, तर ती खरूज. परमेथ्रिन 5 टक्के मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्रभर, 8 ते 12 तास, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि डॉक्टर सांगतील तसं आठवड्याने परत. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्यांच्याबद्दल आधी विचारून घ्या. किडे मेल्यावरही गाठी काही आठवडे राहतात, म्हणून औषध पुन्हा पुन्हा लावत बसू नये.

आता तुमची भीती. गुप्तरोगात बहुधा नुसती लाली नसते. एकत्र आलेले पाणीदार फोड फुटून दुखऱ्या जखमा होणं हे नागिणीच्या जातीतल्या हर्पिसचं लक्षण. न दुखणारा, कडक बुडाचा एकच व्रण सिफिलिसचा असू शकतो. लघवीच्या वाटेने पू येणं गोनोरियाकडे बोट दाखवतं. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. जांघेतल्या गजकर्णाचा चारित्र्याशी संबंध नाही. टॉवेल, चड्डी, एकच अंथरूण एवढं त्याला पुरतं. हस्तमैथुन किंवा "धातू जाणं" यांचाही या लालीशी काडीचा संबंध नाही. रेल्वेच्या भिंतींवर रंगवलेल्या पाट्यांवरचे नंबर फिरवू नका. शंका असेलच तर जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सुरक्षा क्लिनिक असतात, तिथे तपासणी आणि समुपदेशन विनामूल्य होतं. 1097 हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मदत क्रमांकही आहे.

गजकर्णाचं मलम कसं लावायचं

डॉक्टर कुठलं मलम देतील हे ते ठरवतील, अनेकदा इट्राकोनाझोलसारखी गोळीही लागते. कॅप्सूल असेल तर ती भरपेट जेवणानंतर घ्यायची, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. कोलेस्टेरॉलच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही, म्हणून चालू औषधांची यादी घेऊन जा. पण लावायची रीत सगळ्या मलमांना सारखीच, आणि बिनसतं ते तिथेच.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तुमच्या दोन जांघा प्रत्येकी एका तळव्याएवढ्या धरल्या तर एका वेळी एक रेघ, दिवसातून दोन वेळा लावायचं मलम असेल तर दिवसाला एक ग्रॅम, चार आठवड्यांना 28 ग्रॅम. आता बघा, ट्यूब बहुधा 15 ग्रॅमची असते. एका ट्यूबमध्ये उपचार संपला असं समजणाऱ्याने अर्ध्यावरच सोडलेलं असतं. मलम कडेच्या बाहेरून आत लावा, आणि कडेपलीकडे दोन बोटं रुंदीचा चांगला दिसणारा भागही घ्या, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान 2 आठवडे चालू ठेवा. मागे राहणारा काळपटपणा हा डाग, रोग नव्हे. तो जायला महिने लागतात, त्यासाठी गोरेपणाचं क्रीम लावू नका, त्यातही स्टेरॉइड निघतं.

पाय तपासा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या किंवा पांढरट सोललेली कातडी असेल तर तीही बहुधा तीच बुरशी, आणि चड्डी पायांतून वर चढवताना ती जांघेत जाते. सेफ्टी शूजमध्ये आठ तास पाय शिजत असतील तर हे हमखास. दोन्हीवर एकदम उपचार करा, आणि कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी.

कमरेला करदोटा असेल तर तो उपचारापुरता तरी सोडा. घामाने, पाण्याने तो कधी पुरता वाळतच नाही, त्याच्याखाली गजकर्णाची एक रेघ टिकून राहते आणि जांघ बरी झाली की तिथून परत उतरते. सोडायचाच नसेल तर निदान नवा बांधा आणि अंघोळीनंतर तोही कोरडा करा.

धुण्याचं सांगायचं तर दिवसातून एकदा, साध्या कोमट पाण्याने, आणि साबण हवाच असेल तर बिनवासाचा, सौम्य, घडीपुरता. खरा भर कोरडं करण्यावर द्या. टॉवेलने टिपून पंख्याखाली दोन-तीन मिनिटं उभे राहा. टॉवेल स्वतःचा वेगळा. चड्डी सुती, सैल, दिवसातून दोनदा बदलायची. शिफ्टला जाताना एक जोड पिशवीत ठेवा आणि मधल्या सुट्टीत बदला. पावसाळ्यात दांडीवर दोन दिवस दमट राहिलेली चड्डी घालणं हे तुमच्या दुखण्याचं एक मोठं कारण असणार. मशिनमध्ये 60 अंशांवर, नाहीतर कढत पाण्यात अर्धा तास बुडवून धुवा, बाकीच्यांच्या कपड्यांपासून वेगळं. ऊन नसेल तर उलटी करून शिवणीवर कडक इस्त्री फिरवा. जीन्स वाळायला वेळ लावते आणि घासते, दोन महिने नको.

बायकोला तुमची ट्यूब देऊ नका. तुमच्याबरोबरच त्यांनाही तपासून घ्या आणि उपचार एकाच वेळी सुरू करा. एक बरा झाला आणि दुसऱ्याकडून परत आलं, हा खेळ मग चालत राहतो. त्यांना पांढरं दह्यासारखं अंगावरून जात असेल, आतून खाज असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं लागेल. तुमच्या टोकावरच्या बुरशीशी त्याचा संबंध असू शकतो.

डॉक्टरकडे या आठवड्यातच जा. काही लक्षणांना मात्र आठवडा थांबायचंच नाही. दिसतंय त्याच्या मानाने कितीतरी जास्त दुखतंय, ताप आहे, पिशवी किंवा गुदद्वाराजवळचा भाग झपाट्याने सुजतोय, कातडी जांभळी-काळी पडतेय, घाण वास येतोय, तर तो कातडीखाली पसरणारा जीवघेणा संसर्ग असू शकतो, मधुमेह्यांत विशेष. त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जायचं. एका अंडकोषात अचानक, सडकून कळ आली आणि उलटीची भावना असेल तर अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. आणि टोकावरचा लाल किंवा पांढरा चट्टा उपचार घेऊनही चार आठवड्यांत हलला नाही, जाड झाला किंवा त्यातून रक्त आलं, तर तुकडा काढून तपासायला लावा. कर्करोगाच्या आधीची अवस्था अशीच मुकाट दिसू शकते.

डॉक्टरकडे जाताना आतापर्यंतच्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या, नाहीतर मोबाइलवर त्यांचे फोटो. कुठे कुठे लाल आहे ते तोंडाने सांगण्यापेक्षा पँट उतरवून दाखवा. लाजून फक्त जांघ दाखवली तर टोकाचा उपचार राहून जातो, आणि तुमच्या बाबतीत तोच भाग शुगरपर्यंत घेऊन जाणारा आहे.

राहिला केसांचा प्रश्न. ब्लेड नको. पिशवीची कातडी आता इतकी विरळ झालेली असेल की पाती फिरली की कापणार, आणि जांघेत ब्लेडने पडलेल्या बारीक जखमांतून बुरशी आणखी पसरते. वर केस आत वळून फोड येतात ते वेगळंच. केस काढणारी क्रीमं तर त्याहून वाईट, ती भाजतात. मलम नीट पोचावं एवढ्यासाठी कात्रीने किंवा गार्ड लावलेल्या ट्रिमरने अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत बारीक करा, आणि तो ट्रिमर दाढीला वापरू नका.